नारायणराव, संताजी, गंगाधरशास्त्री : हे खून आज उलगडतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नारायणराव पेशवे, सेनापती संताजी घोरपडे यांच्यासारखे जुने खून आज उलगडता येतील का, ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनीच केला का, आणि साताऱ्यात राहून यावर काम करायचं तर सुरुवात कुठून करावी. मी साताऱ्यात मोडी कागद वाचतो. वतनाचे, वाटणीचे, देवस्थानांचे कागद हा रोजचा धंदा. पण जुनी दप्तरं उलगडणाऱ्याला लोक हे प्रश्न विचारतातच, आणि मलाही ते स्वस्थ बसू देत नाहीत. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडच्या गाजलेल्या खुनांत वार कुणी केले याबद्दल बहुतेक वेळा फार वाद नसतो. नावं त्याच काळात लोकांच्या तोंडी झालेली असतात. वाद असतो वार करवणाऱ्याचा. तिथवर चौकशी पोचत नाही, कारण ती मध्येच कुठेतरी थांबते. कुठे थांबली, कुणाच्या सोयीनं थांबली, हे मात्र कागदांवरून बऱ्यापैकी सांगता येतं. मी कुठलाही खून याच बाजूनं वाचतो. डीएनए तपासणीचं विचारलंत, तर ती इथे उपयोगाची नाही. माणूस कशानं मेला हा या प्रकरणांत प्रश्नच नाही.

संताजींपासून सुरू करतो, कारण तो खून आपल्या जिल्ह्यातला. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत म्हसवडकडे निघालात की डाव्या हाताला शिखर शिंगणापूरचे डोंगर लागतात. याच मुलखात जून १६९७ मध्ये मराठ्यांचा सर्वांत धाकाचा सेनानी मारला गेला. नोव्हेंबर १६९५ मध्ये याच माणसानं दोड्डेरीच्या गढीत मोगल सरदार कासिमखानाची फौज कोंडून शरण आणली होती. (कासिमखान तिथेच मेला. विष घेऊन की अफू न मिळाल्यामुळे, यावरही दोन मतं आहेत.) पुढच्या दोन-तीन महिन्यांत बसवापट्टणजवळ हिंमतखान त्याच्याशी लढताना पडला. बादशाही सरदारांना संताजींचं नाव ऐकून घाम फुटत होता. आणि वर्ष-दीड वर्षात तोच माणूस मूठभर सोबत्यांसह माणदेशाच्या डोंगरांत लपतछपत फिरत होता.

मधल्या काळात काय झालं ते पाहा. राजाराम महाराजांशी बिनसलं, सेनापतिपद धनाजी जाधवांकडे गेलं. १६९६ मध्ये कर्नाटकात संताजी आणि धनाजी यांच्यातच लढाई झाली. तिथे अमृतराव निंबाळकर संताजींच्या हाती सापडले आणि संताजींनी त्यांना हत्तीच्या पायी दिलं. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या घरात दिलेली होती. पुढे देशावर परतल्यावर पुन्हा धनाजींशी झुंज झाली आणि संताजींची बरीच माणसं त्यांना सोडून गेली. त्यांची शिस्त फार कडक होती. विजय मिळत होते तोवर ती लोकांनी सोसली.

शेवटच्या दिवसाच्या मुख्य हकीकती दोन. मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की दमलेले संताजी एका ओढ्यात अंघोळ करत असताना नागोजींनी त्यांना गाठलं आणि डोकं कापलं. पिशवीत घालून घोड्यामागे बांधलेलं ते डोकं वाटेत पडलं, मोगल सरदार फिरोजजंगाच्या हेरांना सापडलं आणि बादशहाकडे गेलं. औरंगजेबानं ते छावणीत आणि दख्खनच्या शहरांतून फिरवायला लावलं. दुसरी हकीकत म्हणते की नागोजींनी आलेल्या संताजींना जेवूखाऊ घातलं आणि सुखरूप वाटेला लावलं. पण नागोजींच्या पत्नीनं भावाच्या रक्ताची आठवण ठेवून आपल्या दुसऱ्या भावाला मागावर धाडलं.

आता या दोन्ही हकीकती ज्याच्या त्याच्या सोयीच्या कशा आहेत ते पाहा. पहिलीत बादशहासाठी नेलं जाणारं डोकं वाटेत पडतं आणि नेमकं मोगल हेरांनाच सापडतं. म्हणजे श्रेयाचा वाटा फिरोजजंगाच्या माणसांकडे जातो. शिवाय खाफीखानानं ग्रंथ लिहिला तो या घटनेनंतर कित्येक वर्षांनी. दुसरीत घरी आलेल्या पाहुण्याचा घात केल्याचा बोल नागोजींवर येत नाही, सगळा भार एका बाईच्या सूडावर पडतो. जिथे पुरुषांचं राजकारण अवघड जागी येतं तिथे कथेत एखादी बाई पुढे केली जाते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की अशी बाई दिसली की आता मी तिथेच थांबून दोनदा वाचतो. नारायणरावांच्या प्रकरणात हे पुन्हा येणार आहे.

नागोजींना दोन्ही बाजूंनी कारण होतं. मेव्हण्याचं रक्त हे एक. दुसरं, ते आधी मोगलांकडे होते, नंतर राजारामांकडे आले, आणि या खुनानंतर पुन्हा बादशाही चाकरीत गेले. सूड आणि बक्षीस एकाच वारात साधत असतील तर त्यातलं खरं कारण कोणतं हे ठरवायचा हट्ट मी धरत नाही.

माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. इतका मोठा सेनानी एकटा पडला कसा? तो कुठे आहे हे कुणाकुणाला माहीत होतं? आणि नंतर मराठ्यांच्या बाजूनं कुणी जाब का विचारला नाही? राजाराम महाराज तेव्हा जिंजीच्या वेढ्यात होते, हे खरं. पण परत आल्यावरही धनाजी जाधव हेच सेनापती होते, त्यांच्याशिवाय लढाई चालणार नव्हती, आणि चौकशी सुरू केली असती तर पहिला प्रश्न त्यांच्याकडेच गेला असता. बादशहा खूश, सेनापती निर्धास्त, छत्रपतींना दोघांतला उरलेला एक हवा. अशा वेळी चौकशी करणार कोण? या खुनाची चौकशी थांबली नाही, ती सुरूच झाली नाही. मान्यांनी मारलं हे जवळजवळ नक्की. धनाजींनी मारवलं असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, आणि तुम्हीही ते म्हणू नका. पण त्यांनी संताजींना जिथे आणून सोडलं तिथून जिवंत परत यायची वाट फार अरुंद होती, एवढं म्हणता येतं.

एक विनंती इथेच करतो. माण-खटावात या विषयावर बोलताना माने, घोरपडे, जाधव, निंबाळकर ही आडनावं आजही घराघरांत आहेत हे विसरू नका. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या वैरात आजच्या कुणाला ओढायचा तुम्हाला-मला अधिकार नाही. संताजींची समाधी कुरुंदवाडला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आहे. तिथे एकदा जाऊन या.

आता नारायणराव. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. अठरा वर्षांचा पेशवा जीव वाचवायला पळत वाड्यातच कैदेत असलेल्या काका रघुनाथरावांच्या गळ्यात पडतो आणि तिथेच मारला जातो. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ हे गारदी (भाडोत्री शिपाई) आणि रघुनाथरावांचा हुजऱ्या तुळाजी पवार, ही नावं तेव्हापासून सर्वांना ठाऊक. धन्याला पाठीशी घालणारा चाफाजी टिळेकरही त्यात गेला. काहीतरी शिजतंय याची कुणकुण त्या दिवशी पेशव्यालाही लागली होती. त्यानं हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताचं सांगितलं, आणि हरिपंत आधी जेवायला गेले, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रजी अधिकारी ग्रँट डफ लिहितो.

या प्रकरणात चौकशी करणारा माणूस मात्र आपल्या माहुलीचा होता. रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश. त्यांनी माग काढत थेट रघुनाथरावांपर्यंत बोट नेलं, देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पद सोडून वाईजवळ येऊन राहिले. त्यांच्या करारीपणाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो लिहून पुरा होणार नाही. पण तपासाच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या दिवशी चौकशी थांबली. ज्याच्यावर आरोप तोच आता पेशवा होता. त्याची पेशवेपदाची वस्त्रं आली ती साताऱ्याहूनच, छत्रपतींकडून. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव आणि बजाबा पुरंदरे वस्त्रं आणायला इथे आले होते. आपल्या गावानं या प्रकरणात फक्त न्यायाधीश दिला असं नाही, मारेकऱ्यांच्या धन्याच्या गादीवर मोर्तबही इथूनच झालं. पुढे १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव जन्मले आणि त्या तान्ह्या बाळालाही साताऱ्याहूनच वस्त्रं गेली.

‘ध’चा ‘मा’ ही कथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही तोंडपाठ. पण तिचा प्रवास तपासा. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेला कागद रामशास्त्र्यांच्या हाती आला आणि तो बदल आनंदीबाईंनी केला असा सार्वत्रिक समज आहे, हे ग्रँट डफ सांगतो. तो १८१८ ते १८२२ साताऱ्यात राजकीय अधिकारी होता, छत्रपती प्रतापसिंहांच्या संग्रहातले कागद त्याला पाहायला मिळाले आणि त्याचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. रामशास्त्री वारले १७८९ मध्ये, आणि ग्रँट डफ जन्मला तोही १७८९ मध्येच. ज्यांच्या हाती तो कागद आला म्हणतात त्यांना त्यानं पाहिलेलंसुद्धा नाही. आणि तो मूळ कागद आज कुणीही समोर ठेवू शकत नाही.

कागद वाचणारा म्हणून मला आणखी एक दिसतं. पेशव्याला पकडायचा हुकूम लेखी देणं हाच मुळात राजद्रोह. असा कागद करणाऱ्याला ‘मी फक्त धरायला सांगितलं होतं’ एवढंच सिद्ध करायचं असेल, तर अक्षर बदलल्याच्या कथेइतकी सोयीची दुसरी कथा नाही. त्या कथेनं सर्वांत जास्त कुणाचं भलं झालं? रघुनाथरावांचं. ते खुनी न राहता फसवले गेलेले काका झाले, आणि ठपका बायकोच्या माथी बसला. रघुनाथरावांनीच ती पसरवली असं मी म्हणत नाही. पण नाटकांतून, गोष्टींतून आनंदीबाईंना जी शिक्षा आपण अडीचशे वर्षं देत आलो तिला समकालीन कागदाचा आधार नाही, हे ठामपणे म्हणतो. त्या निर्दोष होत्या असाही पुरावा नाही. पण आरोप सिद्ध करायचा भार आरोप करणाऱ्यावर असतो.

दुसरी चौकशी बारभाईंच्या, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या मंडळाच्या, हाती गेली, आणि तिथे दुसरी अडचण उभी राहिली. बारभाईंत नाना फडणीस होते तसे सखारामबापू बोकीलही होते, आणि रघुनाथरावांना कैदेतून सोडवायच्या कटाची बापूंना माहिती होती असा संशय तेव्हाही होता. पुढे नानांनीच बापूंना कैदेत टाकलं. जो मंडळात बसलाय त्याच्यापर्यंत माग नेणं बारभाईंना परवडणारं नव्हतं. रघुनाथराव दोषी ठरले की राज्य चालवायचा हक्क बारभाईंकडे येत होता. चौकशी तिथेच पुरी झाली. तुळाजी, खरकसिंग, महंमद इसाफ यांना पकडून हाल करून मारलं. सुमेरसिंग हाती लागायच्या आधीच मेला. पैसे कुणी कबूल केले, कुणी निरोप नेले, हे ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले. त्यांनी जे काही सांगितलं असेल ते बारभाईंच्या कैदेत, जिवाच्या भीतीनं सांगितलेलं. असा जबाब मी एका बाजूचा कागद म्हणून वाचतो.

माझं मत विचाराल तर : पकडायचा कट रघुनाथरावांचा, हे धरून चालायला हरकत नाही. मारायचा बेत त्यांना ठाऊक होता असं मला वाटतं, कारण गळ्यात पडलेल्या पुतण्याला सोडवायला त्यांनी पुरेसं काही केल्याचं दिसत नाही, आणि नंतर त्या गारद्यांना त्यांनी शिक्षाही केली नाही. हे वाटणं आहे. पुरावा नाही.

तिसरं प्रकरण तुम्ही विचारलंच नाही, आणि अभ्यासाला तेच सर्वांत चांगलं आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धन मूळचे वाईजवळच्या मेणवलीचे. बडोद्याच्या गायकवाडांचे कारभारी झाले आणि पेशव्यांशी थकबाकीचा हिशेब मिटवायला पुण्यात आले. इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतली होती. तेव्हाचे पेशवे दुसरे बाजीराव, म्हणजे त्याच रघुनाथराव-आनंदीबाईंचे चिरंजीव. आधी शास्त्र्यांवर मेहेरबानी झाली, पेशव्यांच्या मेव्हणीशी शास्त्र्यांच्या मुलाचं लग्नही ठरलं, आणि मग शास्त्री मागे हटले. जुलै १८१५ मध्ये आषाढीच्या यात्रेला पेशव्यांबरोबर तेही पंढरपुरात होते. अंगात ताप होता. बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांचे देवळात या म्हणून पुन्हा पुन्हा निरोप आले. शेवटी थोडी नि:शस्त्र माणसं घेऊन ते गेले. वाटेत गर्दीतल्या कुणीतरी ‘यातले शास्त्री कोण?’ विचारलं आणि ‘कंठी घातलेले’ असं उत्तर आलं, अशी हकीकत नोंदलेली आहे. दर्शन घेऊन परतताना मागून माणसं धावत आली आणि भर रस्त्यात त्यांना तोडलं. मारेकरी देवळाच्या दिशेनं आले आणि त्याच दिशेनं पळाले.

त्रिंबकजींविरुद्धचा परिस्थितिजन्य पुरावा मला भक्कम वाटतो. बोलावणं त्यांचं, जागा त्यांच्या बंदोबस्तातली, आणि कारभार हाती असून मारेकऱ्यांचा शोध घेण्यात चालढकल त्यांचीच. पण बडोद्यातल्या शास्त्र्यांच्या विरोधी गटाचे गोविंदराव बंधुजी आणि भगवंतराव गायकवाड हेही तेव्हा पेशव्यांच्या आसऱ्याला होते आणि त्यांनाही कारण होतंच. एवढं असून हा खटला कुठल्याही न्यायासनापुढे चाललाच नाही. पुण्यातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, एल्फिन्स्टननं जबान्या जमवल्या आणि सगळा रोख त्रिंबकजींवर ठेवला. बाजीरावांना मुद्दाम वाट मोकळी ठेवली, कारण पेशव्यावर आरोप म्हणजे तेव्हाच युद्ध. बाजीरावांनी त्रिंबकजींना आधी आपल्या कऱ्हाडजवळच्या वसंतगडावर ठेवलं, मग इंग्रजांच्या हवाली केलं. ठाण्याच्या तुरुंगातून ते १८१६ मध्ये निसटले, १८१८ मध्ये पुन्हा सापडले, आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत मेले.

आणि निकाल कुठे लागला? १३ जून १८१७ च्या पुणे करारात. त्रिंबकजींनीच खून केला याची आपली खात्री झाली आहे, हे त्या कराराच्या कलमात बाजीरावांकडून लिहून घेतलं. त्याच करारानं गायकवाडांवरचा पेशव्यांचा जुना दावा वर्षाला चार लाखांवर मिटला. शास्त्री ज्या कामाला आले होते ते काम त्यांच्या मरणानं इंग्रजांच्या सोयीनं पुरं झालं. इंग्रजांनी खून करवला असा याचा अर्थ मुळीच नाही. पण चौकशी करणाऱ्याला निकालातून काय मिळालं हे इथे कागदावर उघडं दिसतं. आणि पुढे हा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा एल्फिन्स्टनच्याच हाताखालचा माणूस, हेही ध्यानात ठेवा.

खून की आणखी काही, हेही ठरलेलं नाही असं एक प्रकरण साताऱ्यातच आहे : रंगो बापूजी गुप्ते. इंग्रजांनी गादीवरून काढलेल्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला ते विलायतेत वर्षानुवर्षं झगडले आणि १८५७ मध्ये नाहीसे झाले. मुलगा सीताराम याला त्या वर्षी ८ सप्टेंबरला गेंडामाळावर आणखी १६ जणांसह मृत्युदंड दिला. रंगो बापूजींचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. सरकारच त्यांच्या शोधात होतं, म्हणजे शोधाचे कागद तयार झालेले असणार. कुणीतरी हे मन लावून करायला हवं.

आता सुरुवातीचं. गंगाधरशास्त्र्यांपासून करा. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापलेला आहे, तारीखवार आहे, त्यामुळे कुठल्या दिवशी एल्फिन्स्टनला काय ठाऊक होतं हे ओळीनं लावता येतं. नारायणरावांसाठी पेशवे दप्तरातून निवडलेले ४५ खंड आहेत, पण ती निवड आहे हे लक्षात ठेवा. नानांच्या मेणवलीच्या वाड्यातले कागद इतिहाससंशोधक पारसनीसांनी जमवले, साताऱ्याच्या संग्रहालयात आणले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यामुळे साताऱ्याच्या कामासाठीही तुम्हाला पुण्याच्या फेऱ्या घालाव्या लागतील. मोडी शिका. पुराभिलेख विभाग वर्ग घेतो. भाषांतरावर खुनाचा तपास करू नका.

घराण्यांच्या कैफियती, म्हणजे त्यांनी सरकारपुढे मांडलेल्या आपल्या हकीकती, वाचताना त्या कधी आणि कुणापुढे दिल्या ते आधी पाहा. कितीतरी कैफियती इंग्रजी अमलात, इनाम टिकवण्यासाठी लिहिल्या गेल्या. ‘आमच्या पूर्वजानं अमक्याला मारलं’ किंवा ‘वाचवलं’ हे वाक्य तिथे जमिनीच्या दाव्याचा भाग असतं. बखर असेल तर घटनेपासून किती वर्षांनी लिहिली आणि कुणाच्या सांगण्यावरून, एवढं वहीत पहिल्या ओळीला टिपा, मगच पुढे वाचा. कुणी ‘अस्सल’ म्हणून कागद दाखवला तर फक्त मजकुरावर जाऊ नका. मजकूर कारकुनाचा असतो. शेवटचे शब्द कुणाच्या हातचे आहेत, मोर्तब कुठे आहे, छ अक्षरानं दिलेली मुसलमानी तारीख आणि सन जुळतात का, हे पाहा. खोट्या कागदात बहुधा तारीख चुकते.

वाचताना कुठे अडलात तर कागदाचा फोटो पाठवा. पूर्ण पानाचा, समोरून काढलेला, आणि पाठीमागच्या बाजूचाही. पाठीवर पोचल्याचा शेरा असतो, आणि लोक नेमका तोच फोटो काढत नाहीत.